बाकाखालची सहा किलो वाळू

नाव विचारू नका मित्रांनो, मला नाव नाही. वजन विचारा. ते माझ्या पोटावर जाड निळ्या शाईनं लिहिलेलंच आहे: सहा. आता त्या आकड्यात काही अर्थ उरलेला नाही. तो का उरला नाही, हेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

मी वाळूची पिशवी. जुनी, जाड निळ्या कापडाची, कुशीवर ठिगळ असलेली. पूर आला की दारात रचतात ती मी नव्हे. गवंड्याच्या हाताखालची तर मुळीच नव्हे. मी शर्यतीतली आहे. हसू नका. शाळेच्या मुलींच्या होडीतून मी आजवर एकोणतीस शर्यती केल्या, त्याही पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न उतरता. होडीला रंग मिळतो, वल्ह्यांना पॉलिश मिळतं, फोटोत सगळ्याजणी दात काढून हसतात. माझा फोटो आजवर एकदाच निघाला, तोही चुकून, आणि त्यात माझा फक्त दोर दिसतो.

माझा जन्म होडीघरातला. नदीकाठी पत्र्याचं लांबलचक होडीघर आहे, आत फळ्यांवर होड्या पालथ्या झोपलेल्या असतात आणि सगळीकडे वार्निशचा वास. तिथे होड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. माझ्या आधी माझं काम एक वीट करायची. एकदा होडीत चढताना ती कुणाच्या तरी अंगठ्यावर पडली. त्या दिवशी शर्यत राहिली बाजूला, सगळी वरात दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी आपल्या जुन्या पॅंटचा एक पाय कापला, होड्यांची आच्छादनं शिवायच्या दाभणानं त्याचं एक तोंड शिवलं, नदीकाठची वाळू तीन पाण्यांनी धुतली, पत्र्यावर दोन दिवस सुकवली आणि माझ्यात भरली. वरून दोरानं गळा आवळला. झाले मी तयार. पॅंटचा दुसरा पाय काय झाला, ते मला कुणी सांगितलं नाही. मला एखादी जुळी बहीण असती तर, असं कधीकधी वाटतं.

आता माझं काम नीट ऐका, कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

आमच्या होडीत चौघीजणी वल्ही मारतात. त्या पाठमोऱ्या बसतात, म्हणजे होडी जाते पुढे आणि त्या बघतात मागे. पुढे पूल आहे की बदकं आहेत की दुसरी होडी, त्यांना काहीच दिसत नाही. पुढे बघते ती पाचवी. ती सगळ्यात शेवटी बसते, सुकाणूचे दोर तिच्या हातात असतात, आणि ‘जोरात’, ‘सावकाश’, ‘डावीकडच्यांनी ओढा’ हे सगळं तिनंच ओरडायचं असतं. तिला आम्ही सुकाणूवाली म्हणतो. ती वल्हं मारत नाही, म्हणून ती जितकी हलकी तितकं बरं. मग काय, शाळा शोधून शोधून मुंगीएवढ्या मुली आणायला लागल्या. म्हणून शर्यतवाल्यांनी नियम केला: सुकाणूवाली पंचेचाळीस किलोंची तरी हवी. कमी भरली तर उरलेलं वजन तिनं सोबत न्यायचं. ते उरलेलं वजन म्हणजे मी. सरावालाही मला न्यायचंच, म्हणजे होडीला शर्यतीतल्या वजनाची सवय राहते.

थोडक्यात, मुलगी आणि मी मिळून पंचेचाळीस. माझं अख्खं आयुष्य हे एकच गणित आहे.

चार सुकाणूवाल्यांबरोबर मी हे गणित केलं. पाचवी आली ती लिंबू.

तिचं हे नाव होडीघरातलं नाही, ती ते घरूनच घेऊन आली होती. गल्लीतल्या खेळात ती कायम लिंबूटिंबू. म्हणजे पळायची सगळ्यांबरोबर, पण आउट झाली तरी कुणी मोजायचं नाही आणि जिंकली तरी कुणी मोजायचं नाही. शाळेत खो-खोत, कबड्डीत, सगळीकडे तेच. मग मागच्या वर्षी खेळाच्या बाईंनी तिला वर्गाच्या दारात उभं करून विचारलं, “ए, तुझं वजन किती गं?”

“एकोणचाळीस,” ती म्हणाली. ओरडा बसणार असंच तिला वाटलं होतं.

“आवाज काढ बघू. मोठ्यानं.”

तिनं असा काही आवाज काढला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर खडू घेऊन बाहेर आले.

“उद्या सहाला होडीघरात ये,” बाई म्हणाल्या.

एकोणचाळीस तिचे, सहा माझे. मिस्त्रींनी मला मापून भरलं, माझ्या पोटावर आकडा लिहिला, आणि लिंबूनं मला दोन्ही हातांनी उचलून बाकाखाली बांधलं. पहिल्या दिवशी ती माझ्या कानाशी, म्हणजे दोराच्या गाठीशी वाकून म्हणाली, “आपण दोघी मिळून एक आहोत हं.” आजवर असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी वाळूचीच आहे, पण कुठेतरी भिजल्यासारखं वाटलं खरं.

त्या वर्षी लिंबू नुसती उजळून निघाली. तिच्या एका शब्दावर चार दांडग्या मुली घाम गाळायच्या. सगळ्यात जवळ, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची कप्तान. अंगानं उंच, बोलायला कमी, बाकीच्या तिघी तिच्या तालावर वल्ही मारतात. तिच्या मागे वकील. ती वारा कुठून येतो यावरही वाद घालते. आणि तिच्या मागे दोघी मावसबहिणी, ज्या वाक्यसुद्धा वाटून घेतात: एक सुरू करते, दुसरी संपवते. मी बाकाखालून सगळं ऐकायचे. लिंबू ओरडली की तिचा आवाज लाकडातून माझ्यापर्यंत यायचा आणि माझ्यातला कण न् कण थरथरायचा. सुखाचे दिवस होते ते.

मग मोठी सुट्टी आली. सुट्टीत होड्या उलट्या, मी खुंटीवर. एका उंदराला माझी कूस आवडली आणि त्यानं तिला भोक पाडलं. सुट्टी संपायला आठवडा असताना लिंबू डोकवायला आली, खाली सांडलेली वाळू पाहिली, ती सगळी वेचून परत भरली आणि मला दप्तरात घालून थेट आईच्या दुकानात घेऊन गेली.

तिची आई औषधांच्या दुकानात काम करते. दुकानाच्या दाराशी वजनकाटा आहे, काऊंटरमागे गोळ्यांचे खणच खण, आणि खालच्या खणात सुईदोरा, कारण पांढऱ्या कोटाचं बटण रोज तुटतं. गिऱ्हाईक नव्हतं. आईनं मला मांडीवर घेऊन ठिगळ लावलं आणि काट्यावर ठेवून बघितलं. बरोबर सहा. मग दोरा तोडता तोडता म्हणाली, “तूही उभी राहा गं. तुझा स्कर्ट पुन्हा वर गेलाय.”

लिंबू काट्यावर चढली. आईनं आकडा वाचला आणि तिचा चेहरा फुलला.

“बेचाळीस. अगं बाई, वाढलीस की. बरं झालं, मला काळजीच लागली होती.”

लिंबू खाली उतरली, मला उचललं आणि दुकानाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. मला पोटाशी घट्ट धरलं होतं तिनं. इतका वेळ की तिच्या हातांची ऊब माझ्या मधल्या वाळूपर्यंत पोचली.

“कुणाला सांगायचं नाही,” ती मला म्हणाली.

मी कुणाला सांगणार, मित्रांनो? पण तिला कशाची भीती वाटत होती, ते मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी बाई मिस्त्रींना सहज बोलून गेल्या होत्या: “आपली कप्तान आधी सुकाणूवरच होती. पण वाढली, आणि बदलावी लागली.” ते लिंबूनं ऐकलं होतं. वल्हं तर तिनं एकदा मारून बघितलं होतं. दहा मिनिटांत हाताला फोड आणि वल्हं पाण्यात. म्हणजे तिचा हिशेब सरळ होता: लहान आहे म्हणून होडीत आहे. लहान राहिले नाही, तर पुन्हा लिंबूटिंबू.

खरं म्हणजे तिनं एवढंच करायचं होतं. माझा दोर सोडायचा आणि तीन किलो वाळू काढून टाकायची. बेचाळीस ती, तीन मी. होडीला काडीचा फरक पडला नसता. पण वाळू काढली की सगळ्यांना कळणार, ही वाढायला लागली. म्हणून तिनं एक कण काढला नाही.

शाळा उघडली, सराव सुरू झाला. बाईंनी तिला बघताक्षणीच विचारलं, “उंच झालीस गं. वजन?”

“तेवढंच आहे बाई. नुसती काडीसारखी वाढलेय. पिशवी सहाचीच लागते.”

बाईंच्या हातात एक शिटी, दोन याद्या आणि मोबाइल होता. “बरं,” त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

आणि अशी ती तीन किलो फुकटची वाळू घेऊन आम्ही रोज पहाटे नदीवर जायला लागलो. पंपघरापासून पुलाच्या लाल खांबापर्यंत बाई वेळ मोजायच्या. मागच्या वर्षीपेक्षा चार सेकंद जास्त. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी साडेचार. मुली वर्षानं मोठ्या झालेल्या, दंड जाड झालेले, आणि होडी हळू. कुणालाच काही समजेना.

आता खरं सांगते. चार सेकंदांचं सगळं पाप माझ्या माथी मारू नका. तीन किलो वाळू फार फार तर एक सेकंद खाईल. उरलेले तीन लिंबूच्या गप्प बसण्यानं खाल्ले. ती ओरडायची, पण तो आवाज पूर्वीचा नव्हता. ‘जोरात’ म्हणताना तिला वाटायचं, मी कोणत्या तोंडानं सांगतेय, यांचं ओझं तर मीच वाढवलंय. ते शब्द तिच्या ओठांतून निघायचे आणि कप्तानच्या गुडघ्यांपर्यंत जाऊन थांबायचे. पार पुढे बसलेल्या मावसबहिणींना ते ऐकूच जायचे नाहीत. बाकाखाली माझ्यातला एकही कण थरथरेनासा झाला.

होडी हळू झाली की माणसं शोधायला लागतात, कोण ओढत नाही. कप्तानचा संशय वकिलीवर गेला, कारण सुट्टीत ती महिनाभर मामाकडे गेली होती.

“तुझं वल्हं पाण्यातून लवकर निघतंय,” कप्तान एकदा म्हणाली.

“निघत नाहीये,” वकील म्हणाली. “वारा उलटा आहे, आणि पाणी कमी आहे, आणि तू मागे बघ तरी एकदा.”

“मामाकडे झोपा काढल्या असतील...” एक मावसबहीण म्हणाली.

“...चांगल्या बारा बारा तास,” दुसरीनं पुरं केलं.

पहिल्या आठवड्यात वकील भांडली. दुसऱ्या आठवड्यात थोडं कमी भांडली. तिसऱ्या आठवड्यात कप्तान म्हणाली, “आजही तूच,” तर वकील नुसती “हं” म्हणाली आणि बुटांची नाडी सोडायला लागली. मित्रांनो, वाद घालणारं माणूस वाद घालायचं थांबतं ना, तेव्हा काळजी करावी. तिच्या तळहाताचे फोड फुटून पुन्हा आले होते, कारण ती सगळ्यात जास्त ओढत होती.

पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मी फळीवर होते आणि लिंबू माझा दोर गुंडाळत होती. पलीकडे होडीच्या आडून वकील मोठ्या मावसबहिणीला सांगत होती, “उद्याची शर्यत झाली की मी होडी सोडते. माझ्यामुळे तुमची वाट नको लागायला.”

लिंबूचे हात थांबले. मग तिनं दोर पुन्हा गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. शेवटी मिस्त्री म्हणाले, “पोरी, पिशवी बांधतेस की वेणी घालतेस?”

शर्यतीच्या दिवशी नदीकाठी ही गर्दी. दहा शाळांच्या होड्या गवतावर मांडलेल्या, चाकांच्या गाड्या, चिखलाचे बूट, भोंग्यावर कुणीतरी एकच सूचना चार वेळा देतंय. एका तंबूत सुकाणूवाल्यांचं वजन चाललं होतं. तिथली रांग बघून मला फार बरं वाटलं. माझ्या जातीचे इतके जण मी एका जागी प्रथमच पाहिले. एकीकडे खडे भरलेला मोजा होता, एकीकडे पाण्याच्या बाटल्या, आणि एका चिमुरडीनं तर दोन जाडजूड शब्दकोश आणले होते. पाण्यात भिजले तर ते जड होतील की काय, असा वाद वकिलीनं एरवी नक्की काढला असता. त्या दिवशी काढला नाही. ती लिंबूचा टॉवेल हातात धरून मुकाट उभी होती. कप्तान सही करायला आली होती.

काट्याशी चष्मेवाले एक काका बसले होते. त्यांना घाई होती. “पिशवी घेऊनच चढा,” ते प्रत्येकीला सांगत होते. “दोघांचं मिळून पंचेचाळीसच्या वर आहे एवढंच मला बघायचंय. खाली नको, वर कितीही चालेल.”

म्हणजे लिंबू सुटली होती. मी तिच्या कडेवर होते. ती काट्यावर चढली. काट्यानं दाखवलं अठ्ठेचाळीस आणि वर थोडं. काकांनी आकड्याकडे नीट पाहिलंही नाही.

“वर आहे. पुढे व्हा. पुढची.”

लिंबू उतरली. दोन पावलं गेली. कुणालाही काही कळलं नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. आईच्या शपथेवर सांगते, म्हणजे मिस्त्रींच्या पॅंटच्या शपथेवर, त्या दोन पावलांत तिनं मला जितकं घट्ट धरलं तितकं कधीच कुणी धरलं नव्हतं. मग ती थांबली, मागे वळली आणि मला वकिलीच्या हातात दिलं.

“काका, मला एकटीला वजन करायचंय.”

“झालं की तुझं. वर आहेस.”

“एकटीचं करायचंय. आणि मोठ्यानं वाचा.”

काकांनी चष्मा वर सरकवला. रांगेतल्या मुली कुजबुजायला लागल्या. लिंबू रिकाम्या हातांनी काट्यावर उभी राहिली.

“बेचाळीस पूर्णांक तीन,” काकांनी वाचलं.

वकिलीनं मला हातात तोललं. माझ्या पोटावरचा आकडा बघितला. वकील गणितात चांगली आहे, तिला एक क्षणही लागला नाही.

“सहा नि बेचाळीस,” ती म्हणाली. “तीन किलो जास्त. आपण महिनाभर तीन किलो वाळू हिंडवतोय?”

“हो,” लिंबू म्हणाली. “मला माहीत होतं. मी वाढले. बाईंना खोटं सांगितलं. तू नीटच ओढत होतीस. सगळ्यात जास्त तूच ओढत होतीस, मला समोरून दिसतं ना. तू सोडू नकोस. मला काढा.”

शब्दकोशवालीनं शब्दकोश खाली ठेवले.

मला वाटलं, आता वकील मला फेकून मारते की काय. तिनं मला काखेत घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे मी ओढत होते.” मग कप्तानकडे वळून पुन्हा म्हणाली, “मी ओढत होते. वारा उलटा आहे म्हणत होते ते चुकलं, पण ओढत होते.”

कप्तान लाल झाली. “माझी चूक झाली,” ती म्हणाली. ती फार बोलत नाही, तिला तेवढंही जड गेलं असणार. मग ती लिंबूसमोर वाकली.

“तुला कुणी सांगितलं, वाढल्यावर काढतात म्हणून?”

“तुला काढलं ना?”

“मला काढलं नाही. मला वल्हं दिलं. आणि तेही बावन्न किलोंची झाल्यावर.” कप्ताननं माझ्याकडे बोट दाखवलं. “ही पिशवी माझ्याकडेही होती. मी काय केलं माहितीये? महिनाभर अर्धाच डबा खाल्ला. उरलेला होडीघरामागच्या कुत्र्याला. कुत्रा जाड झाला, मी मात्र उंच ती झालेच. एकदा चक्कर येऊन जिन्यात बसले, तेव्हा बाईंना कळलं. तू तसलं काही केलं नाहीस ना?”

“नाही. मी डबा खाते.”

“मग ठीक आहे. वाळूचं काय, वाळू काढता येते.”

मला ती गोष्ट ठाऊक होती. मीच होते तेव्हा तिच्या कडेवर. ती दिवसेंदिवस हलकी होत होती आणि मला भरत भरत जड करत होती, आणि मला तोंड असून, त्याला गाठ मारलेली. त्या वर्षी मला माझ्या कामाचा पहिल्यांदा राग आला होता.

“पंचेचाळीसपर्यंत तुझं नि वाळूचं मिळून तेवढंच,” कप्तान पुढे म्हणाली. “तू वाढ, ती कमी होईल. त्याच्या वर गेलीस तर बाईंना विचारू. पण आवाज तुझाच पाहिजे. ती शब्दकोशवाली ओरडली तर मला ऐकू तरी येईल का?”

“ऐकू येईल,” शब्दकोशवाली रांगेतून म्हणाली, आणि पहिल्यांदा सगळ्या हसल्या. काकाही हसले, मग म्हणाले, “आता माझी रांग मोकळी कराल का?”

बाईंना सांगायचं काम लिंबूनं स्वतः केलं. बाई म्हणाल्या, “खोटं बोललीस त्याबद्दल उद्या होडीघर झाडायचं. आणि मी काटा असून बघितलं नाही, त्याबद्दल मीही झाडते तुझ्याबरोबर.”

मग आम्ही पाण्याच्या कडेला गेलो. वकिलीनं माझी गाठ सोडली. मापाला काही नव्हतं, म्हणून मावसबहिणींचं डब्याचं झाकण घेतलं. एकेकीनं झाकणभर काढली. कप्ताननं, मावसबहिणींनी, शेवटी लिंबूनं. वाळू नदीत गेली, जिथून ती आली होती तिथेच. काकांनी तंबूतून ओरडून सांगितलं की पुन्हा वजन केल्याशिवाय सोडणार नाही, तसं ते केलं. पावणेतीन मी, बाकीची ती. पंचेचाळीसला जेमतेम वर.

मला बाकाखाली बांधलं तेव्हा मी निम्मी रिकामी होते. कापड सैल पडलं होतं, जरा लाजल्यासारखंही वाटत होतं. होडी ओळीत उभी राहिली, झेंडा पडला, आणि माझ्या डोक्यावर आवाज फुटला.

तो आवाज. बाकातून, लाकडातून, दोरातून तो माझ्यात शिरला आणि माझी उरलीसुरली वाळू नाचायला लागली. “एक. दोन. वकील ओढते तसं सगळ्या. लांब ओढा. पुढे एक होडी आहे, तिच्यातल्यांचे चेहरे मला दिसतायत, मला त्यांच्या पाठी बघायच्यात.” आता मागे तोंड करून बसणाऱ्यांच्या पाठी बघायच्या म्हणजे त्यांच्या पुढे जायचं, हे चौघींना बरोबर कळलं. पंपघर गेलं. लाल खांब आला. काठावरून बाई धावत होत्या, एका हातात घड्याळ, एका हातात चप्पल.

आम्ही तिसऱ्या आलो. दहांत तिसऱ्या. कुणी आम्हाला खांद्यावर घेतलं नाही आणि चषकही मिळाला नाही. पण पंपघर ते लाल खांब आम्ही मागच्या वर्षीपेक्षा दोन सेकंद लवकर गेलो होतो, आणि बाईंनी ते घड्याळ चौघींना, मग लिंबूला, मग शब्दकोशवालीलासुद्धा दाखवलं.

होडी काठाला लागल्यावर लिंबू वकिलीजवळ गेली. “तू होडी सोडणार नाहीस ना?”

“विचार करते,” वकील म्हणाली. “महिनाभर माझा घाम फुकट गेलाय. उद्यापासून माझं दप्तर तू उचलायचं.”

“किती जड आहे?”

“तीन किलो. तुला सवय आहे.”

त्या दोघी गवतावर बसून इतक्या हसल्या की मावसबहिणींना वाक्य पुरं करायला जागाच मिळाली नाही.

त्यानंतर दोन शर्यती झाल्या. प्रत्येक शर्यतीआधी लिंबू एकटी काट्यावर उभी राहते, आकडा स्वतः मोठ्यानं वाचते, आणि माझी गाठ सोडून झाकणभर, कधी मूठभर वाळू नदीला देते. पोटावरचा ‘सहा’ खोडायचा नाही असं तिनंच सांगितलंय. त्याच्या खाली नवे आकडे चढत जातात: पावणेतीन, सव्वादोन, दोनला थोडं कमी. तिच्या आईच्या स्वयंपाकघराच्या दारावर तिच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा वर वर जातात, माझ्यावरचे आकडे खाली खाली येतात. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिलेली आहे म्हणा ना.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. ओली झाले तर मला उन्हात टाका, नाहीतर कापड कुजतं. खुंटीवर टांगा, खाली ठेवलं तर उंदीर येतात. आणि माझ्या पोटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दर वेळी काट्यावर बघा. आकडा मागच्या वर्षीचा असतो, मुलगी या वर्षीची असते. तुमच्यातलं कुणी एकाएकी हळू बोलायला लागलं, किंवा वाद घालायचं थांबलं, तर त्याच्यावर ओरडण्याआधी जरा बाकाखाली वाकून बघा. तिथे काहीतरी बांधलेलं असतं. गाठ सोडायला झाकणभर माया पुरते.

लवकरच मी पुरती रिकामी होईन. होडीघरात याल तर खुंटीवर एक निळी, सपाट, ठिगळाची पिशवी वाऱ्यानं हलताना दिसेल. तिला बघून हळहळू नका. माझ्यासारखीचं काम नीट झालं की ती रिकामीच व्हायची. जरा दाराशी जा आणि नदीकडे कान द्या. पुलाच्या पलीकडून आवाज येत असेल. तो मोजून घ्या. तो तिचा एकटीचा आहे, त्यात माझा आता एक कणही नाही.